ग्वाल्हेरची थंडी आणि पुरुषांचा पोशाख : गोरखीच्या परिसरात दिवसभर वावरताना काय घालावे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याला लागून, गोरखी हा शिंदे घराण्याचा जुना राजवाडा आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून राजधानी ग्वाल्हेरला आणली. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांच्या सैन्याचा जो तळ पडला, त्याचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले. जयाजीरावांच्या काळात १८७४ मध्ये जयविलास राजवाडा बांधून होईपर्यंत राजघराण्याचा वावर गोरखीतच होता. घराण्याचे देवघर आजही येथे आहे आणि दसऱ्याच्या पूजेला शिंदेशाही पगडी व परंपरागत पोशाख येथे पाहावयास मिळतो. ‘बाडा’ या हिंदी उच्चारात मराठी कानाला आपला ‘वाडा’ सहज ऐकू येतो.

गोव्यातील वाचकाचा या शहराशी संबंध अनेक निमित्तांनी येतो. डिसेंबरात भरणारा तानसेन समारोह ऐकण्यासाठी गानरसिक जातात. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत विद्यार्थी शिकावयास जातात. कुणी आग्रा-दिल्लीच्या वाटेवर किल्ला पाहण्यासाठी उतरतो. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस प्रवाशाला थेट ग्वाल्हेरला पोहोचवते. मात्र ती त्याला दोन रात्रींच्या आत एका हवामानातून अगदी वेगळ्या हवामानात नेऊन सोडते. या प्रवासाची तयारी बहुधा एका चुकीने सुरू होते. ‘उत्तरेत थंडी फार’ असे ऐकून एकच जाड जाकीट विकत घेतले जाते आणि त्याच्या आत नेहमीचा सुती शर्ट ठेवला जातो. पहाटे हे जाकीट अपुरे पडते, दुपारी ते असह्य होते आणि संध्याकाळी घामाने ओलसर झालेल्या शर्टावर तेच पुन्हा चढवले की हुडहुडी भरते. ग्वाल्हेरात दोष एकट्या थंडीचा नसतो, तिच्या चढउताराचाही असतो. म्हणून येथे चांगला पोशाख तोच, जो तासातासाला कमी-अधिक करता येतो.

हिवाळ्याचे तीन प्रकारचे दिवस

पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि दुपारी ३२ अंशांपर्यंत चढतो. ग्वाल्हेरात त्याच महिन्यातील सरासरी किमान तापमान ७ अंशांच्या आसपास आणि कमाल २३ अंशांच्या आसपास असते. काही रात्री पारा त्याहून बराच खाली उतरतो. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास सर्वाधिक गारठा असतो.

हिवाळ्यातील सर्व दिवस मात्र सारखे नसतात. पहिला प्रकार स्वच्छ उन्हाच्या दिवसाचा. पहाट बोचरी, दुपार सुखद आणि सूर्यास्तानंतर तासाभरात पुन्हा थंडी, असा त्याचा क्रम असतो. दुसरा प्रकार धुक्याच्या दिवसाचा. अशा दिवशी दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही, कधी दिवसभरही दिसत नाही, आणि कमाल तापमान वर चढतच नाही. आकड्यांत पहाटेचा पारा फारसा खाली गेलेला नसला, तरी शरीराला हाच दिवस अधिक जाचतो, कारण ऊब मिळण्याची दुपारची संधीच नाहीशी होते. तिसरा प्रकार मावठ्याचा. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून सरकताना ढग आणि हलका पाऊस आणतात. ढगांमुळे त्या रात्री थोड्या उबदारही वाटतात. खरी कसोटी नंतर असते. विक्षोभ पुढे सरकला की वायव्येकडून कोरडे, गार वारे वाहू लागतात आणि पारा घसरतो. पाऊस थांबून आकाश मोकळे झाले म्हणून गरम कपडे पेटीत टाकू नयेत. ते अधिक हाताशी ठेवण्याचीच ती वेळ असते.

हवामानाच्या बातम्यांत येणारे शब्दही ठाऊक असावेत. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली असेल, तर ती ‘थंडीची लाट’ असते. घट त्याहून अधिक असेल तर लाट ‘तीव्र’ ठरते. किमान तापमान ४ अंश वा त्याखाली गेले तर सरासरीशी तुलना न करताही लाट मानली जाते, तर २ अंशांवर वा त्याखाली ती तीव्र मानतात. ‘थंड दिवस’ ही संज्ञा याहून निराळी आहे. किमान तापमान १० अंश वा त्याखाली असताना दिवसाचे कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक घसरले, तर ती वापरली जाते. धुक्याच्या दिवसाचा इशारा बहुधा याच शब्दांत मिळतो.

बाहेर ऊब, आत गारवा

थंड देशांतील पोशाखाचे सल्ले असे गृहीत धरतात की घर, कार्यालय व दुकान आतून तापवलेले असते, म्हणून बाहेर जाताना कपडे चढवावे आणि आत आल्यावर उतरवावे. ग्वाल्हेरात स्वच्छ उन्हाच्या दिवशी बहुधा याच्या उलट करावे लागते. येथील सर्वसाधारण घरे तापवलेली नसतात. जुन्या इमारतींच्या जाड दगडी भिंती रात्रीचा गारवा धरून ठेवतात. दुपारी बारा वाजता बाड्यावरच्या उन्हात केवळ शर्टावर फिरणारा मनुष्य एखाद्या जुन्या दालनात, देवळाच्या गाभाऱ्यात किंवा संग्रहालयात शिरला, की पाच-दहा मिनिटांत त्याला गारवा जाणवू लागतो. म्हणून उतरवलेला कपडा खोलीवर ठेवून निघू नये. तो खांद्यावर किंवा पिशवीत असावा. कपडा निवडताना ‘हा उतरवल्यावर सहज बाळगता येईल का?’ हा प्रश्न ‘हा किती जाड आहे?’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो.

जुन्या पोशाखातील शहाणपण

दख्खनेतून उत्तरेत गेलेल्या मराठी माणसाच्या पोशाखात ही सोय मुळातच होती. अंगरखा किंवा बाराबंदी, त्यावर बंडी, खांद्यावर उपरणे वा शेला आणि थंडीत शाल, अशी त्याची रचना असे. बाराबंदीचे दोन्ही पदर छातीवर एकमेकांवर येतात, त्यामुळे जेथे ऊब हवी तेथे कापड आपोआप दुहेरी होते, आणि बंद सैल किंवा घट्ट बांधून ते अंगाबरोबर जुळवून घेता येते. कापसाचा थर घालून शिवलेला दगला हा त्याहून जड थंडीसाठी असे. रुईच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा ऊब राखते. आजच्या ‘पफर’ जाकिटाचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही.

पूजेच्या पोशाखातही हाच विवेक दिसतो. सोवळ्यात रेशमी कद चालतो आणि लोकरीची धाबळीही चालते. पहाटेच्या गार पाण्याच्या स्नानानंतर अंगाला रेशीम वा लोकर लागणे ही शुचितेची गोष्ट होतीच, शिवाय ती ऊब देणारीही होती. पुढील काळात सदऱ्यावर घातलेली बंडी हीच उत्तरेतील सार्वजनिक जीवनाचा जणू गणवेश झाली. ज्यांचे काही शालेय शिक्षण गोरखीतील शाळेत झाले, त्या अटलबिहारी वाजपेयींचे धोतर, सदरा आणि जाकीट या वेशातील रूप देशाच्या स्मरणात आहे. बिनबाह्यांच्या या जाकिटाचे मर्म साधे आहे. छाती व पाठ झाकली की शरीराचा गाभा उबदार राहतो, हात मोकळे राहतात आणि ऊन वाढले की चार गुंड्या सोडून ते काढता येते.

तीन थरांचा हिशेब

कपडा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता तो अडवून धरतो, आणि ते काम मुख्यतः त्यात अडकलेली स्थिर हवा करते. यामुळे एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे अधिक उपयोगी पडतात. प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा आणखी एक थर तयार होतो आणि गरजेप्रमाणे एकेक थर कमी करता येतो.

पहिला थर अंगालगतचा. त्याचे काम त्वचा कोरडी ठेवण्याचे आहे. उत्तरेत दुकानदार ज्याला ‘इनर’ म्हणतात, ते पातळ थर्मल बनियन येथे घालावे. ते अंगाला बेताने चिकटणारे असावे, पण काखेत वा गळ्याशी आवळणारे नसावे. चालणे फारसे नसेल तर सुती गंजीही चालते, मात्र घाम येणार असेल तर सुती कापड टाळावे, याचे कारण पुढे येते.

दुसरा थर मधला. हा उबेचा थर आहे. पातळ लोकरी स्वेटर, बिनबाह्यांचा स्वेटर किंवा बंडी येथे येते. डोक्यावरून घालायच्या स्वेटरपेक्षा पुढून उघडणारा बरा, कारण गर्दीत किंवा गाडीत तो सहज काढता येतो. दोन पातळ स्वेटर बाळगणे हे एका जाड स्वेटरपेक्षा नेहमीच सोयीचे.

तिसरा थर बाहेरचा. त्याचे काम वारा अडवणे हे आहे. किल्ल्यावर किंवा दुचाकीवर जाताना दाट विणीचे जाकीट नसेल, तर उत्तम लोकरी स्वेटरच्या विणीतूनही वारा थेट आत शिरतो. या थराला पुन्हा जाड असण्याची गरज नाही. आत दोन कपडे मावतील इतका तो सैल असला म्हणजे पुरे. खरेदी करताना आतले स्वेटर अंगात घालूनच माप घ्यावे. नुसत्या शर्टावर बरोबर बसलेले जाकीट थंडीत निरुपयोगी ठरते, कारण थर एकमेकांवर दाबले गेले की मधली हवा निघून जाते.

कापडाची पारख

ग्वाल्हेर हे नाव एका मोठ्या पिढीला किल्ल्याइतकेच कापडामुळेही ठाऊक आहे. १९२१ मध्ये येथे जियाजीराव कॉटन मिल सुरू झाली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ग्वाल्हेर रेयॉन कंपनीचेच नाव पुढे ग्रासिम झाले, आणि ‘ग्वालियर सूटिंग’च्या जाहिरातींत मन्सूर अली खान पतौडी व शर्मिला टागोर झळकले. आज बाजारात नावे बदलली आहेत, परंतु तंतूंचे गुणधर्म तेच आहेत.

लोकर कुरळी असल्याने पुष्कळ हवा धरते. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ती स्पर्शाला फारशी ओली लागत नाही. चढउताराच्या हवेत तिचे श्रेष्ठत्व यातच आहे. मेरिनो लोकर बारीक असल्यामुळे टोचत नाही. जाड लोकर मात्र टोचते, म्हणून ती थेट त्वचेवर न घालता आत मऊ कपडा ठेवावा.

कापूस कोरडा असेपर्यंत सुखद असतो. ओला झाला की तो उशिरा वाळतो आणि शरीराची उष्णता ओढून घेतो. किल्ल्याचा चढ चढून आलेल्या माणसाला वर पोहोचल्यावर एकाएकी थंडी वाजते, तिचे मूळ बहुधा घामेजलेल्या सुती गंजीत असते. जीन्सचे जाड सुती कापडही गारठ्यात थंड पडते आणि मावठ्यात भिजले तर दिवसभर वाळत नाही. व्हिस्कोस अंगावर मऊ लागते, पण तेही पाणी शोषते आणि ओले असताना त्याची ताकद घटते. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे लवकर वाळते. त्यापासून केलेले फ्लीस हलके, उबदार आणि स्वस्त असते, मात्र वारा अडवत नाही आणि आगीजवळ धोकादायक ठरते. अ‍ॅक्रिलिक ही ‘लोकरीसारखी’ दिसणारी गोष्ट आहे. समारंभांत सत्कारासाठी मिळणाऱ्या बहुतेक शाली याच जातीच्या असतात. त्यांना कमी लेखू नये, कारण आतल्या थरावर त्या चांगली ऊब देतात. फक्त लोकरीच्या किमतीला त्या विकत घेऊ नयेत.

शंका असल्यास शिवणीतील एखादा धागा सुरक्षित जागी जाळून पाहण्याची जुनी रीत आहे. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते.

विजारीसाठी लोकर-पॉलिस्टर मिश्रणाचे, म्हणजे टेरीवूलचे कापड सर्वात व्यवहार्य असते. ते चुरगळत नाही, लवकर वाळते आणि दुपारी जाचत नाही. कडाक्याच्या पहाटे त्याच्या आत पातळ थर्मल पायजमा घालावा.

डोके, कान, गळा, पाय

शरीराची बहुतेक उष्णता डोक्यातूनच निघून जाते, हा समज खरा नाही. डोके आपल्या आकारमानाच्या प्रमाणातच उष्णता गमावते. तरीही ते झाकणे आवश्यक असते, कारण बाकी शरीर कपड्यांत असताना उघडे राहते ते हेच. कानांना वारा लागला की बेचैनी होते. मराठीत कानटोपी, हिंदीत कनटोप. ग्वाल्हेरच्या दुकानात दोन्ही शब्द समजले जातात. सगळा चेहरा झाकणारी माकडटोपी दुचाकीवर किंवा रात्रीच्या प्रवासात उपयोगी पडते.

मफलर हा थंडीतील सर्वात कमी जागा व्यापणारा आणि सर्वाधिक फरक पाडणारा कपडा म्हणता येईल. सदऱ्याच्या गळ्यातून उबदार हवा निसटते आणि मफलर ती वाट बंद करतो. बंद गळ्याचा कोट मराठी लग्नसमारंभांत जसा शोभतो तसाच थंडीत उपयोगीही ठरतो, याचे कारण हेच आहे.

पायांकडे गोव्यातील माणसाचे सर्वात कमी लक्ष जाते, कारण वर्षभर चपला पुरतात. ग्वाल्हेरात गोरखीचे देवघर असो, देऊळ असो वा दर्गा, पादत्राणे काढावी लागतात आणि दगडी फरशी पहाटे बर्फासारखी लागते. जाडसर लोकरी मोजे अंगावर असावेतच, त्याशिवाय एक कोरडी जोडी पिशवीत असावी. बूट घेताना जाड मोज्यांसह माप पाहावे. बूट घट्ट झाला तर पाय उबदार राहण्याऐवजी गार पडतात.

सकाळपासून रात्रीपर्यंत

पहाटे स्थानकावर उतरताना तिन्ही थर, कानटोपी, मफलर व मोजे अंगावर असावेत. ते सर्व गाडीतच, झाशी सोडण्यापूर्वी चढवावे. फलाटावर सामान उघडण्याची वेळ येऊ देऊ नये.

सकाळी किल्ला चढायचा असल्यास पायथ्याशीच मधला थर उतरवावा आणि किंचित गार वाटत असतानाच चालू लागावे. चालण्याने ऊब येते. वर पोहोचून थांबल्यावर, थंडी वाजण्याची वाट न पाहता, तो पुन्हा घालावा. मैदानावर सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हाच नियम लागू पडतो. व्यायाम सुरू होताना एक थर कमी, संपताच अंग पुसून कोरडी गंजी आणि त्यावर लगेच स्वेटर. सराव संपल्यावर घामेजलेल्या अंगाने गप्पा मारीत उभे राहणे टाळावे.

दुपारी बाहेर शर्ट व बंडी पुरते. दगडी इमारतीत शिरताना स्वेटर हाताशी ठेवावा. चार वाजल्यानंतर, ऊन अजून असतानाच, मधला थर चढवावा. सूर्य मावळल्यावर अंग गार पडू देऊन मग कपडे घातले, तर ऊब परत यायला वेळ लागतो.

रात्रीच्या मैफलीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. हजीरा भागात, महंमद गौस यांच्या कबरीशेजारी असलेल्या तानसेनांच्या समाधीच्या परिसरात हा समारोह १९२४ पासून भरत आला आहे आणि डिसेंबरातील संध्याकाळची सत्रे लांबतात. चालणाऱ्या माणसाला पुरणारे कपडे तीन तास स्थिर बसणाऱ्याला पुरत नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावे. मांडी घालून बसल्यावर आखूड जाकीट वर सरकते आणि कमरेपाशी वारा लागतो. म्हणून आत लांब सदरा असावा. घट्ट जीन्सपेक्षा सैल पायजमा किंवा टेरीवूलची विजार मांडीला सोयीची. बसायला घडी घातलेली जुनी शाल आणि पांघरायला दुसरी, असा बेत ठेवल्यास शेवटच्या गायकापर्यंत बसवते. थंडीने काकडत मध्येच उठावे लागणे हीदेखील मैफलीची हानीच आहे.

धुक्याच्या दिवशी हे वेळापत्रक बाजूला ठेवावे. त्या दिवशी कोणताही थर उतरवण्याची वेळ बहुधा येत नाही, आणि धुक्याचे दव साचून बाहेरचा कपडा ओलसर होतो. खोलीवर परतताच तो झटकून मोकळा टांगावा. मावठ्याच्या शक्यतेसाठी घडीची छत्री किंवा पातळ, पाणी न झिरपणारे जाकीट पुरते. गोव्याच्या पावसासाठीचा जाड रेनकोट नेण्याची आवश्यकता नाही.

खरेदी कोठे आणि किती?

पूर्ण पेटी गोव्यातच भरण्याचा आग्रह धरू नये. थर्मल, मोजे व मफलर येथून न्यावेत, कारण त्यांची गरज गाडीतच लागते. स्वेटर आणि बंडी तेथे घेतल्यास निवड अधिक मिळते. गोरखीलगतच्या महाराज बाड्याभोवती टोपी बाजार, नजरबाग मार्केट आणि सराफा अशा बाजारपेठा आहेत. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा व्यापार मेळाही हिवाळ्यातच भरतो. दुकानात एक गफलत टाळावी. हिंदीत ‘सदरी’ म्हणजे बिनबाह्यांचे जाकीट, आपला ‘सदरा’ नव्हे. सदरा हवा असल्यास ‘कुर्ता’ मागावा.

चार-पाच दिवसांच्या मुक्कामासाठी थर्मलच्या दोन जोड्या, दोन पातळ स्वेटर, एक बंडी, वारा अडवणारे एक जाकीट, दोन विजारी, मोज्यांच्या चार जोड्या, कानटोपी, मफलर, हातमोजे आणि एक शाल एवढे पुरेसे होते.

ज्येष्ठांनी घ्यावयाची विशेष काळजी

थंडीत त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. वय, मधुमेह वा हृदयविकार असल्यास हा ताण अधिक जोखमीचा असतो. वाढत्या वयात थंडीची जाणीवही मंदावते. त्यामुळे ‘मला थंडी वाजत नाही’ या वडीलधाऱ्यांच्या शब्दावर विसंबू नये आणि हातपाय गार पडले आहेत का, ते स्पर्शाने पाहावे. पहाटेच्या फेरफटक्याची सवय असलेल्यांनी ग्वाल्हेरात ती ऊन पडेपर्यंत पुढे ढकलावी. रात्री उबदार पांघरुणातून एकाएकी उठून न्हाणीघराकडे जाणे हा नाजूक क्षण असतो. उशाशी शाल, पलंगाशी न घसरणाऱ्या चपला आणि झोपतानाही पायांत सैल मोजे असावेत. छातीत दुखणे, दम लागणे, असंबद्ध बोलणे किंवा थांबत नसलेली हुडहुडी यांपैकी काही दिसल्यास विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी.

कपड्यांची उणीव शेगडीने भरून काढण्याचा मोह उत्तरेतील थंडीत होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो ना वास. अंगावर आणखी एक कपडा आणि पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी हा त्याहून सुरक्षित मार्ग आहे.

परतल्यावर : गोव्याच्या दमट हवेत जपणूक

गरम कपड्यांचे खरे आयुष्य ग्वाल्हेरच्या थंडीपेक्षा गोव्याच्या पावसाळ्यावर अवलंबून असते. लोकरीला दोन शत्रू असतात, कसर आणि बुरशी. कसरीची अळी लोकरीतील केराटिन खाते आणि घामाचे वा अन्नाचे डाग असलेला भाग तिला विशेष प्रिय असतो. म्हणून एकदाच वापरलेला स्वेटरही न धुता पेटीत टाकू नये. कोमट किंवा थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवावा. पाणी टॉवेलात दाबून काढावे आणि स्वेटर सपाट पसरून सावलीत वाळवावा. टांगून वाळवल्यास तो ओघळून लांब होतो.

पूर्ण वाळलेले कपडे झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत ठेवावे. कडुनिंबाची वाळलेली पाने वा डांबराच्या गोळ्या घालाव्या. गोळ्या कापडाला थेट लागू नयेत आणि लहान मुलांच्या हाती पडू नयेत. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या दमट महिन्यांत उपयोगी पडतात. पावसाळ्यात लख्ख ऊन पडेल त्या दिवशी पेटी एकदा उघडून कपड्यांना वारा द्यावा आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा उन्हात घालावे. चामड्याच्या जाकिटावर गोव्यात हमखास बुरशी चढते, त्यामुळे क्वचित होणाऱ्या प्रवासासाठी ते न घेतलेलेच बरे.

हे कपडे एरवी पडूनच राहतात असेही नाही. सत्तरी, सांगेच्या अंतर्भागात पौष-माघातील पहाट थंड असते. चोर्ला घाटातून दुचाकीने बेळगावला जाणाऱ्याला किंवा आंबोलीला मुक्काम करणाऱ्याला हीच बंडी आणि हाच मफलर कामी येतो. तेथे तीनऐवजी दोन थर पुरतात, एवढाच फरक.

जातेवेळी पेटी बंद करण्यापूर्वी एक चाचणी करावी. घेतलेले तिन्ही थर एकदम अंगावर चढवून हात डोक्यावर न्यावेत, मांडी घालून बसावे आणि नंतर एकेक थर काढून हातातील पिशवीत भरावा. कोठे आवळले नाही, कमर उघडी पडली नाही आणि काढलेले सर्व कपडे पिशवीत मावले, तर पोशाखाची निवड योग्य झाली असे समजावे.